घरच्या गॅरेजात हॉट रॉडची चासी: मॉडेल ए, २×४ चा पाईप, शेव्हीचं ३५०

मिशिगनकर

१९२८-२९ च्या फोर्ड मॉडेल ए रोडस्टरची बॉडी आहे. मूळ चासीचे गंजून पापुद्रे सुटलेत, त्यामुळे नवी बांधायची आहे, घरच्या दोन गाड्यांच्या गॅरेजात. ठरलेलं सामान असं: शेव्हरोलेचं ३५० घनइंची स्मॉल ब्लॉक इंजिन, टर्बो ३५० गिअरबॉक्स, मागे १९६५-६६ च्या मस्टँगचा ८ इंची ॲक्सल, पुढे ४ इंच ड्रॉपचा सरळ ॲक्सल आणि आडवा पाटा. व्हीलबेस मूळचाच, १०३.५ इंच. वेल्डर २२० व्होल्टचा मिग (तार आपोआप पुढे सरकवणारा), १८० अँपिअरचा.

विचारायचं आहे ते हे. रेलचा (चासीच्या दोन लांब बाजूंचा) २×४ पाईप ०.१२० इंच जाडीचा घ्यावा की ३/१६ चा? गॅरेजची फरशी दाराकडे उतरती आहे, मग टेबल कसं करावं? आणि पुढचा ॲक्सल चासीला धरायला हेअरपिन लावावेत की फोर बार?

ओळंबा

लोखंड नंतर आणा, आधी टायर आणा. चेष्टा नाही. चासीचं प्रत्येक माप जमिनीपासून सुरू होतं, आणि जमीन कुठे आहे ते टायर सांगतो. पुढचा २५ इंच व्यासाचा आणि मागचा २९ इंचांचा धरला, तर भाराखाली टायर थोडा बसतो. म्हणून ॲक्सलचा मध्य पुढे साधारण १२ आणि मागे १४ इंचांवर येईल. हे दोन आकडे भिंतीवर लिहून ठेवा.

आता मागच्या उंचवट्याचा हिशेब करू. ॲक्सलची नळी ३ इंच जाड आहे, म्हणजे तिचा माथा साडेपंधरावर. चाक वर यायला ३ इंच मोकळे हवेत, वर अर्धा इंच रबराचा ठोकळा. तेव्हा ॲक्सलच्या डोक्यावरून जाणाऱ्या रेलची खालची बाजू १९ इंचांवर पाहिजे. मधल्या रेलची खालची बाजू ९ इंचांवर ठेवणार असाल, तर मागे १० इंच उचल द्यावी लागेल. लोक इथे ६ इंचांवर भागवतात आणि पहिल्याच खड्ड्यात ॲक्सल रेलवर आपटतो. मग पाटे कडक कर, स्प्रिंग बदल, असले उद्योग सुरू होतात. चूक कागदावर झालेली असते.

दुसरी गोष्ट, रिमच्या खालच्या कडेच्या रेषेखाली चासीचा, स्टेअरिंगचा किंवा ब्रेकचा एकही भाग लोंबता कामा नये. एका बाजूच्या पुढच्या आणि दुसऱ्या बाजूच्या मागच्या रिमच्या तळाशी दोरी ताणा, चारही बाजूंनी फिरवून बघा. पंक्चर होऊन टायर बसला की गाडी रिमवर येते, त्या वेळी टाय रॉड रस्त्याला लागला तर हातात काही उरत नाही.

बारा-तेराचा पाना

जाडीचं सांगतो. २×४ चा ०.१२० इंची पाईप फुटाला साधारण पावणेपाच पौंड भरतो, ३/१६ चा जवळपास सात. २४ फुटी एका नगात दोन रेल निघतात, म्हणजे फरक फक्त ५० पौंडांचा. रस्त्यावरच्या गाडीला ०.१२० पुरतो. पण तो निवडलात तर एक पथ्य पाळायचंच: रेलमधून आरपार जाणाऱ्या प्रत्येक बोल्टला आत नळीचा तुकडा घाला. रेलला दोन्ही बाजूंनी मोठं भोक पाडायचं, नळी आरपार घालायची, दोन्ही तोंडांना वेल्ड करून सपाट करायची आणि बोल्ट त्या नळीतून टाकायचा. नळी नसेल तर पाना जसा आवळाल तशा पाईपच्या भिंती आत दबतात. बोल्ट घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण चार दिवसांत ढिला. पुन्हा आवळला की भिंत आणखी दबते. स्टेअरिंग बॉक्सच्या बोल्टांच्या बाबतीत हा खेळ परवडत नाही.

कंस (ब्रॅकेट) जिथे बसतील तिथे रेलवर आधी ३/१६ ची पट्टी चढवा आणि मग कंस. पातळ भिंतीवर थेट जाड कंस लावला की तडा कंसाला जात नाही, वेल्डच्या कडेने रेलला जातो.

सदाशिव पेठी

वाचतोय. पण आमच्यासारख्यांसाठी एक ओळ टाका की राव, हॉट रॉड म्हणजे नक्की काय? जुनी गाडी मूळच्यासारखी करणं वेगळं ना?

ओळंबा

@सदाशिव पेठी, वेगळं. जुनी, हलकी, बहुतेक वेळा फोर्ड घ्यायची. मडगार्ड आणि अनावश्यक पत्रा काढायचा, गाडी खाली बसवायची आणि मोठं इंजिन घालायचं. हा प्रकार १९३० च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियात वाढला. म्युरॉकसारख्या कोरड्या तळ्यांच्या सपाट तळावर पोरं वेगाच्या शर्यती लावत. तिथल्या क्लबांनी मिळून १९३७ मध्ये एससीटीए ही संघटना काढली, ती आजही आहे. १९३२ च्या फोर्डला यात मानाचं पान, कारण त्या वर्षी फोर्डने स्वस्त गाडीत व्ही-८ इंजिन दिलं आणि त्या गाडीची रेल बाहेरून दिसायलाही देखणी आहे. त्याआधीची मॉडेल ए चार सिलिंडरची, चासी हलकी, उघड्या चॅनलची. ३५० इंजिनाचा पीळ त्या चॅनलला झेपत नाही. इथे नवी चासी बांधायची ती म्हणून.

टिगवाली

टेबलाबद्दल. उतरत्या फरशीची काळजी करू नका, टेबलाचे पाय समायोज्य ठेवा. ४×४ इंची पाईपचे किंवा आय-बीमचे १२ फुटी दोन नग घ्या, मधे चार आडवे, खाली सहा पायांना पाऊण इंची बोल्ट. पाणसळ लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर लावा. पारदर्शक नळीत पाणी भरून केलेली पाणसळ १२ फुटांवर दुकानातल्या छोट्या लेव्हलपेक्षा खरं बोलते. आठवड्याने पुन्हा तपासा, कारण फरशीच्या सांध्यावर उभा राहिलेला पाय हमखास बसतो.

टेबलाच्या मधोमध लांबीभर एक रेघ पंचाने कायमची कोरा. खडूची पुसली जाते. पुढच्या ॲक्सलची आणि मागच्या ॲक्सलची आडवी रेघ गुण्याने काढा. गुण्या २४ इंचांचा असेल तर त्यावर भरवसा ठेवू नका, ३-४-५ चा त्रिकोण ६ फूट, ८ फूट, १० फूट असा मोठा आखा. यापुढे कुठलंही माप रेलपासून घ्यायचं नाही, या तीन रेघांपासून घ्यायचं. पाईप गिरणीतून सरळ येतो असं समजू नका. २० फुटांत पाव इंच बाक सहज निघतो. दोन्ही रेलचा बाक एकमेकांकडे तोंड करून ठेवा, म्हणजे क्रॉसमेंबर (दोन रेलना जोडणारे आडवे तुकडे) लावताना दोघांना सारखंच ढकलून सरळ करता येतं.

मिशिगनकर

टेबल कळलं. आता पुढच्या ॲक्सलचं. बाजारात गोल नळीचा ॲक्सल आणि हेअरपिन असा संच दिसतो, दिसायलाही छान. चालेल ना?

दांडपट्टा

चालतो हो, कितीतरी गाड्या तशाच फिरतात. नळी हलकी, क्रोम केली की चमकते. हेअरपिनला दोनच सांधे, त्यामुळे काम कमी.

ओळंबा

@दांडपट्टा, फिरतात हे खरं. पण कुठे तडकतात तेही बघा. हेअरपिन म्हणजे ॲक्सलला दोन बोल्टांनी पक्का धरलेला, मागे रेलला एकाच सांध्यावर टेकलेला त्रिकोण. डावं चाक वर गेलं की डावा हेअरपिन आपल्या मागच्या सांध्याभोवती फिरतो आणि ॲक्सलचं डावं टोक पिळतो. उजवं टोक मात्र जागेवर असतं. म्हणजे ॲक्सलला स्वतःला पिळावं लागतं. आय-बीम उघड्या काटछेदाचा असतो, तो बिनतक्रार पिळतो. फोर्डचा मूळ ॲक्सल म्हणूनच त्या कामाला चालतो. बंद नळी पिळाला फार ताठ. ती पिळत नाही, मग तो जोर बॅटविंगच्या (हेअरपिन ॲक्सलला धरणाऱ्या कंसाच्या) बोल्टांवर, हेअरपिनच्या वेल्डवर आणि रेलच्या कंसावर जातो. सगळ्यात कमजोर असेल ते आधी तुटतं.

म्हणून नियम सरळ आहे: हेअरपिन किंवा फाडलेला विशबोन (फोर्डचा मूळ व्ही आकाराचा दांडा मधून वेगळा केलेला) हवा असेल तर आय-बीम घ्या. नळीचा ॲक्सल हवा असेल तर फोर बार. फोर बारमध्ये वर-खाली दोन समांतर दांड्या असतात, चाक वर गेलं तरी ॲक्सल पिळत नाही आणि कॅस्टरही (चाक ज्यावर वळतं त्या किंग पिनचा कल) बदलत नाही.

दांडपट्टा

हे पटलं. म्हणजे आय-बीम आणि हेअरपिन मिळून पुढे अँटी-रोल बारचं (वळताना गाडी कलू न देणाऱ्या दांडीचं) काम फुकटात करतात, असंच ना?

ओळंबा

हो, आणि त्याची किंमतही मोजावी लागते. वळणावर पुढचं टोक ताठ होतं, तेव्हा मागचा भाग फार मऊ ठेवलात तर गाडी वळायला नाखूश होते. रस्त्यावरच्या हलक्या रोडस्टरमध्ये ते खटकत नाही.

बारा-तेराचा पाना

कॅस्टरचं आताच बोलून घेऊ, कारण इथे हमखास फसगत होते. सरळ ॲक्सलला ५ ते ७ अंश कॅस्टर हवा, म्हणजे किंग पिनचा माथा मागे कललेला. लोक टेबलावर चासी सपाट ठेवून ७ अंशांवर बॅटविंग जोडतात. मग गाडी पुढून खाली, मागून वर अशी उतरते. १०३.५ इंचांच्या व्हीलबेसवर २ अंशांची उतरण म्हणजे ३.६ इंचांचा फरक. आणि चासी जितके अंश पुढे झुकते, तितके अंश कॅस्टर कमी होतो. ७ चा ५ होतो. ५ ठेवला असेल तर ३ उरतो, मग गाडी महामार्गावर भटकते. म्हणून एक तर टेबलावर चासी खऱ्या उतरणीवरच उभी करा, नाहीतर उतरणीचे अंश आधीच मिळवून घ्या.

हीच गोष्ट इंजिनाची. इनटेकचा कार्ब्युरेटर बसतो तो माथा रस्त्याशी समतल पाहिजे, त्या वेळी क्रँकची रेषा मागे साधारण ३ अंश उतरते. मागच्या ॲक्सलचा पिनियन (ड्राइव्हशाफ्ट जोडतात तो दांडा) तितकाच वर. म्हणजे दोन्ही रेषा समांतर, आणि प्रत्येक युनिव्हर्सल जॉइंटला १ ते ३ अंशांचं काम. अगदी शून्यही नको, कारण सुयांच्या बेअरिंगमध्ये सुया एकाच जागी घासून खाचा पाडतात. स्टेअरिंगला जागा मिळावी म्हणून इंजिन उजवीकडे एक इंच सरकवलं तरी बिघडत नाही, रेषा समांतर राहिल्या की झालं. ड्राइव्हशाफ्टचं माप गाडी स्वतःच्या वजनावर असताना घ्या. स्लिप योक (ड्राइव्हशाफ्टचं गिअरबॉक्समध्ये सरकणारं टोक) पूर्ण आत ढकला, पाऊण ते एक इंच बाहेर ओढा, ते माप.

कानस

दोन गोष्टी विसरल्या जातात, जोडतो. या इंजिनाचा डिस्ट्रिब्युटर मागे असतो आणि एचईआयची (इलेक्ट्रॉनिक इग्निशनची) टोपी मोठी. मॉडेल एच्या फायरवॉलला ती लागते. इंजिनचे माऊंट टॅक करण्याआधी (तात्पुरत्या वेल्डच्या टाक्यांनी अडकवण्याआधी) बॉडी चासीवर ठेवा, रेडिएटर पुढे उभा करा आणि पंखा ते रेडिएटर एक इंच मोकळं उरतंय का बघा. शेव्हीचा छोटा वॉटर पंप घ्या, लांबवाल्याने जागा जाते. आणि खरं इंजिन लटकवून माप घेण्याऐवजी रिकामा ब्लॉक, हेड आणि गिअरबॉक्सचं रिकामं कवच वापरा, पाठ वाचेल.

चाकाचे बोल्टही पाहून घ्या. सुरुवातीच्या फोर्डच्या पुढच्या हबला पाच बोल्ट साडेपाच इंचांच्या वर्तुळात असतात, मस्टँगला साडेचार. पुढे जुने हब वापरले तर एक स्पेअर चाक दोन्हीकडे बसणार नाही.

बाहा टीम

पुण्यातून. आम्ही कॉलेजच्या बाहा एसएई स्पर्धेच्या गाडीसाठी ४१३० क्रोमोली (क्रोम-मॉलिब्डेनम स्टील) नळीचा सांगाडा केला होता. इथे साधं स्टील का? आणि अशी गाडी महाराष्ट्रात रस्त्यावर आणता येईल का?

टिगवाली

दुसऱ्याचं आधी: नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून वेगळा पडेल असा बदल चालत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केलं. नवीच गाडी म्हणायची तर तिचा नमुना एआरएआयसारख्या वाहन तपासणाऱ्या संस्थेकडून मंजूर व्हावा लागतो, एकट्याच्या एका गाडीसाठी ते व्यवहार्य नाही. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावची भंगारातली ती छोटी जीप आठवत असेल. २०२१ च्या शेवटी आनंद महिंद्रांनी तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली, तेव्हाही ही गाडी नियमात बसत नाही हे त्यांनी लिहिलं होतं. शेतात, खासगी ट्रॅकवर चालवा.

अमेरिकेत राज्यागणिक नियम वेगळे, पण ‘घरी जोडलेली गाडी’ असा नोंदणीचा वर्ग बहुतेक ठिकाणी आहे. @मिशिगनकर, मॉडेल एचा नंबर चासीच्या डाव्या रेलवर, वरच्या बाजूला ठोकलेला असतो. जुनी रेल भंगारात देऊ नका, आणि तो नंबर कापून नव्या रेलवर चिकटवूही नका, तो गुन्हा ठरतो. आधी राज्याच्या कचेरीत विचारा. प्रत्येक नगाची पावती आणि बांधणीचे फोटो जपा, तपासणीला तेच लागतं.

आता क्रोमोली. तुमची गाडी वजनाच्या शर्यतीत होती, पातळ नळी हवी होती. हॉट रॉडमध्ये रेलचा आकार ताठपणासाठी ठरतो. ताठपणा साध्या स्टीलचा आणि क्रोमोलीचा सारखाच, ताकद तेवढी वेगळी. ए-५०० दर्जाचा चौकोनी पाईप इथे भरपूर झाला, आणि मिगवर तो वेडेवाकडे हट्ट करत नाही.

मिशिगनकर

आय-बीम आणि हेअरपिन ठरलं. पाईप ०.१२० चा. स्टेअरिंगला शेव्हरोले व्हेगा गाडीचा क्रॉस-स्टीअर बॉक्स. वेल्डिंगचा क्रम कसा ठेवू?

टिगवाली

आधी सांध्यांबद्दल. रेल जिथे वर उचलायची तिथे सरळ उभा काप मारून तोंडाला तोंड जोडू नका. ४५ अंशांत कापा, कडांना उतार द्या, मधे १/१६ इंच फट ठेवा, म्हणजे वेल्ड मुळापर्यंत जाईल. वेल्ड गुळगुळीत करून बाहेरून हिऱ्याच्या (पत्त्यातल्या चौकटच्या) आकाराची पट्टी चढवा. हिऱ्याची टोकं रेलच्या लांबीच्या दिशेला. चौकोनी पट्टी लावली की तिच्या उभ्या कडेने रेल एकाच रेषेत तडकते. वर, खाली, म्हणजे ४ इंची बाजूच्या कडांवर आडवं वेल्ड शक्यतो टाळा, तिथेच ताण सर्वांत जास्त.

तार ०.०३० इंची, ईआर७०एस-६. वायू ७५ टक्के आर्गॉन, २५ टक्के कार्बन डायऑक्साइड. त्याच पाईपच्या तुकड्यावर टी जोड करा, करवतीने आडवा कापा, कानस मारून बघा मुळात काळी रेघ दिसते का. दिसली तर व्होल्टेज कमी आहे किंवा हात फार वेगात चाललाय. वरून देखणी दिसणारी शिवण आतून चिकटलेलीच नसणं, हा मिगचा नेहमीचा दगा. पाईपवरची निळसर-काळी साल ग्राइंडरने चकचकीत होईपर्यंत काढा, सांध्यापासून एक इंचापर्यंत.

आणि पुसायला ॲसिटोन वापरा, तोही पूर्ण वाळू द्या. ब्रेक क्लीनरचा डबा वेल्डिंगच्या आसपासही आणू नका. क्लोरीनवाला असला तर आर्कच्या उष्णतेने आणि अतिनील किरणांनी त्यातून फॉस्जीन तयार होतो, तो पहिल्या महायुद्धात विषारी वायू म्हणून वापरला गेला होता. जस्त चढवलेला पाईप असेल तर जस्त घासून काढल्याशिवाय आर्क पेटवू नका, धुराने रात्री ताप भरतो.

बारा-तेराचा पाना

क्रमाचं मी सांगतो. सगळी गाडी वेल्डच्या टाक्यांवर उभी करायची. क्रॉसमेंबर, मधला एक्स (रेलच्या मधला एक्स आकाराचा आधार), इंजिन माऊंट, हेअरपिनचे कंस, मागचे फोर बार, स्टेअरिंग बॉक्स, ब्रेक पेडल, सगळं टॅकवर. त्यावर बॉडी ठेवा, त्यात बसा, पेडलला पाय पोचतो का बघा, दोन्हीकडे पूर्ण स्टेअरिंग वळवून बघा. टाका तोडायला दोन मिनिटं लागतात, पूर्ण वेल्ड तोडायला अख्खा दिवस.

मग बॉडी आणि इंजिन उतरवा, चासी टेबलाला कंसांनी बोल्टने जखडा. डाव्या पुढच्या सांध्यावर एक इंच, मग उजव्या मागच्यावर एक इंच, असं कर्णाने फिरा. हात लावता येईल इतकं थंड होईपर्यंत त्याच जागी परत येऊ नका. वेल्ड थंड होताना आखडतं, आणि ज्या बाजूला वेल्ड जास्त त्या बाजूला रेल वाकते. सगळे क्रॉसमेंबर रेलच्या आतल्या बाजूला असतात, त्यामुळे आतली बाजू आखडते, रेलची टोकं आत येतात आणि मध्य बाहेर फुगतो. यावर उपाय म्हणून टोकांशी तात्पुरत्या नळ्या अडसर म्हणून घाला आणि चासी पूर्ण थंड झाल्यावरच काढा. रात्रभर राहू द्या.

कर्णाचं माप: पुढच्या पाट्याच्या मध्यबोल्टपासून मागच्या दोन्ही ॲक्सल कंसांपर्यंत. दोन्हींतला फरक १/१६ इंचाच्या आत उत्तम, १/८ पर्यंत चालवून घेता येतो.

कानस

व्हेगा बॉक्स म्हणजे ड्रॅग लिंक (बॉक्सपासून चाकाकडे जाणारी स्टेअरिंगची दांडी) आडवी जाणार. आडवा पाटा शॅकलवर (टोकांच्या हलत्या दुव्यांवर) लटकतो, त्यामुळे स्टेअरिंग फिरवलं की चाकं वळायच्या आधी अख्खी गाडीच बाजूला सरकते. क्रॉस-स्टीअरला पुढे पॅनहार्ड बार (ॲक्सल आडवा सरकू न देणारी दांडी) लागतोच. तो ड्रॅग लिंकशी समांतर आणि शक्यतो तितकाच लांब ठेवा. ३० इंची बार समतल असेल तर चाक २ इंच वर गेल्यावर ॲक्सल जेमतेम १/१६ इंच बाजूला सरकतो. २० इंची बारला तेच १/१० इंच होतं. ड्रॅग लिंकही त्याच कमानीत फिरली तर स्टेअरिंगला काही कळत नाही. एक समतल आणि दुसरी तिरकी असेल तर प्रत्येक खड्ड्याला स्टेअरिंग हाताला हिसका देतं. बारच्या टोकांचे कंस दोन्ही बाजूंनी धरणारे करा, एका कानावर लटकवू नका. शॅकल भाराखाली साधारण ४५ अंशांवर आले पाहिजेत. उभे आले तर पाटा लांब पडतोय, आडवे आले तर आखूड.

मिशिगनकर

मागचे कॉइलओव्हर (शॉकवरच स्प्रिंग चढवलेले) २० अंश आत झुकतात, जागाच तेवढी आहे. स्प्रिंग किती पौंडाची मागवू?

ओळंबा

अंदाजे गणित: गाडी २२०० पौंड, निम्मं मागे, म्हणजे ११००. ॲक्सल आणि चाकं वगळा, ३०० धरा. उरले ८००, एका बाजूला ४००. २० अंशांचा झुकाव असल्याने स्प्रिंगवर ४०० भागिले ०.९४, म्हणजे साधारण ४२५ पौंड. उभ्या गाडीत स्प्रिंग ३ इंच दबलेली हवी, तर १४० पौंड प्रति इंच. पण चाकाला जाणवणारा कडकपणा झुकावाच्या कोसाइनच्या वर्गाने घटतो, १४० चे १२४ होतात. ३० अंशांवर गेलात तर १०५ च. त्यापुढे झुकवू नका. खऱ्या वजनासाठी गाडी उभी झाल्यावर काटा लावा आणि मगच स्प्रिंग मागवा, आत्ता त्या जागी तेवढ्याच लांबीच्या पट्ट्या बोल्टने लावून ठेवा.

बारा-तेराचा पाना

ब्रेक राहिले. मास्टर सिलिंडर फ्लोअरखाली असेल तर तो कॅलिपरच्या खाली येतो आणि ऑइल उतारावरून परत येतं. पहिला पाय पोकळ जातो. डिस्कच्या लाइनमध्ये २ पौंडांचा, ड्रमच्या लाइनमध्ये १० पौंडांचा रेसिड्युअल व्हॉल्व्ह (लाइनमध्ये थोडा दाब टिकवणारा) बसवा. मस्टँगच्या मागच्या ड्रमला १० चा. तत्पूर्वी मास्टर सिलिंडरच्या आत आधीच व्हॉल्व्ह आहे का तपासा, डिस्कच्या तोंडाला १० चा असेल तर ब्रेक धरून राहतात आणि हब तापतात.

पेडलचं गुणोत्तर ६ ला १. पॅडपासून खिळीपर्यंत १२ इंच, खिळीपासून पुशरॉडपर्यंत २. पायाने ७५ पौंड दाबले तर पुशरॉडवर ४५०. एक इंची बोअरला त्यातून सुमारे ५७० पीएसआय मिळतात, ७/८ च्या बोअरला ७५०. बूस्टर नसेल तर मोठ्या बोअरचा मोह नको, पाय दगडावर ठेवल्यासारखं होतं. लाइन ३/१६ इंची स्टीलची, दुहेरी फ्लेअर ४५ अंशांचा. एक्झॉस्ट जवळून जात असेल तर मधे पत्रा घाला.

मिशिगनकर

पूर्ण वेल्ड झाल्यावर टेबलाचे बोल्ट सोडले. कर्ण जुळतात, फरक १/१६ च्या आत. पण मागचा डावा कोपरा टेबलापासून ३/१६ इंच उचललाय. तापवून खाली आणू का?

टिगवाली

आधी टेबलाची पाणसळ. चासीच्या वजनाने आणि तापण्या-थंड होण्याने टेबलच हललेलं असतं, हे निम्म्या वेळा निघतं. टेबल बरोबर असेल तर हा पीळ आहे, बाक नाही. पिळाला ज्योत लावून फायदा नाही. तापवून आखडवणं बाकाला चालतं: फुगलेल्या बाजूवर त्रिकोणी पट्टा मंद लाल करायचा आणि हवेतच निवू द्यायचा, पाणी ओतायचं नाही.

पिळासाठी मधल्या एक्सची मागची डावी टांग रेलपासून ग्राइंडरने पूर्ण सोडवा. कोपरा आपोआप खाली बसला तर दोष तिथल्याच वेल्डचा. बसला नाही, तर टेबलाला क्लँप लावून समतलाच्याही १/१६ खाली ओढा. टांगेचं टोक आता सांध्यात किती आखूड किंवा लांब पडतं ते बघा. लांब पडत असेल तर कानसा, आखूड असेल तर फट वेल्डने भरत बसू नका, पट्टीचा तुकडा घाला. आधी चार टाके, मग वर-खाली आळीपाळीने अर्धा अर्धा इंच. क्लँप रात्रभर ठेवा.

मिशिगनकर

टेबलाचा मागचा डावा पाय १/८ ने बसला होता. फरशीचा सांधा बरोबर तिथेच. उरला १/१६.

टिगवाली

मग ग्राइंडर ठेवून द्या. तेवढं हेअरपिनच्या समायोजनात आणि कॉइलओव्हरच्या आट्यांत निघून जातं.